आमची सेवा कोणती?

(बोरी अरब इथं झालेल्या कार्यकर्ता बैठकीत आमच्या गटाच्या वतीनं केलेलं भाषण. जसं बोललो तसंच लिहून दिलं आहे. ज्या पोडावरून कोणी येऊ शकलं नाही तिथं हे वाचून दाखवावं.)





आम्ही पाच जणांच्या वतीनं बोलतो आहोत. तीन पोरं, दोन पोरी. दोघं कोलाम, दोघं गोंड, एक परधान. बारावीच्या पुढं कोणीच गेलं नाही. पाचातले तिघं ख्रिस्ती घरचे आहेत, दोघं आपल्या पेनाला मानणारे आहेत. काम एकच. दोन वर्षं झाली, पोडावर फिरतो, दंडाच्या पावत्या पाहतो, अर्ज लिहितो, तहसीलच्या पायऱ्या चढतो.

मागच्या बैठकीत आमच्यासमोर तीन प्रश्न आले. एका दादानं विचारलं, "तुम्ही चर्चची पोरं, संघटनेत काहून आले? लोकायले बाटवाले तं नाई आले?" दुसरीकडं आमच्याच मंडळीतले वडीलधारे म्हणाले, "देवानं तुम्हाला सेवेसाठी पाचारण केलं असेल तर मोर्चात तुमचं काय काम?" तिसरा प्रश्न आमचा आम्हालाच होता. थकलो आहोत, सोडून द्यावं का? आज या तिन्हींची उत्तरं द्यायची आहेत. पहिल्यांदा तिसरा प्रश्न घेतो, कारण तोच सगळ्यात खरा आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती लपवून पुढं बोलणं बरोबर नाही. एका म्हाताऱ्या बाबांची १९७६ सालची दंडाची पावती होती. वावरात नांगर घातला म्हणून जंगलखात्यानं तेव्हा दंड केला होता. बाबांनी ती पावती ज्वारीच्या कणगीत, फडक्यात गुंडाळून इतकी वर्षं सांभाळली. पावतीचं मोल तुम्हाला माहीत आहे. आपल्या सरकारचे २७ डिसेंबर १९७८ आणि १२ सप्टेंबर १९७९ चे जी.आर. निघाले होते. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळात जे जंगलजमीन वाहत होते, त्या आदिवासी, दलित आणि भूमिहीनांचं वहितीचं अतिक्रमण कायम करायचं, असा त्यांचा आशय होता. म्हणजे ज्या कागदानं बाबांना गुन्हेगार ठरवलं, तोच कागद आज त्यांचा साक्षीदार आहे.

ती पावती आम्ही झेरॉक्स काढायला म्हणून घेतली. एस.टी.तून उतरलो तर पाऊस. थैली भिजली. कागद इतका जुना होता की हातातच त्याचा लगदा झाला. शाई गेली, नाव गेलं, साल गेलं.

आम्ही दोन दिवस पोडावर गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानंतर आमच्यातल्या एकानं यायचं सोडलं. म्हणाला, "आपण गरिबाचं भलं कराले निघालो अन् त्याचंच वावर घालवलं." उरलेले चौघंही मनातून खचले होते. बैठकीत नाव पुकारलं की "हजर" म्हणायचो, पण काम होत नव्हतं.

अशा वेळी आमच्यातल्या एका बहिणीनं शास्त्रातली एलीयाची गोष्ट काढली. ख्रिस्ती घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण आम्ही पाचही जण, पेनाला मानणारे दोघंसुद्धा, ती पहिल्यांदा नीट ऐकली. तिच्या शब्दांत नाही, आमच्या शब्दांत सांगतो.

एलीया हा राजाच्या तोंडावर खरं बोलणारा माणूस. राणीनं त्याला मारायची शपथ घेतली तेव्हा तो जीव घेऊन पळाला. रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, मला मरू दे. मग झोपला. देवाच्या दूतानं त्याला उठवलं. आम्हाला वाटायचं, दूत आला म्हणजे त्यानं मोठा उपदेश केला असेल. तसं काही नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलं होतं. ऊठ, खा, एवढंच. तो जेवला आणि परत झोपला. दूतानं दुसऱ्यांदा उठवलं, परत जेवू घातलं, कारण वाट लांबची होती. मग तो चालत डोंगरावर गेला. तिथं त्यानं गाऱ्हाणं केलं की मी एकटाच उरलो आहे. देवानं सांगितलं, एकटा नाहीस, गुडघा न टेकलेले सात हजार आहेत. आणि पुढचं काम हातात दिलं.

आम्ही ही गोष्ट आपल्यावर लावून पाहिली. थकलेल्या माणसाला आधी जेवण, झोप. मग सोबत. मग काम. आपण उलटं करतो. थकलेल्याला आधी भाषण देतो, मग काम देतो, जेवला का ते कोणी विचारत नाही. आमचा जो भाऊ यायचा थांबला होता, त्याच्याकडं आम्ही आधी तीनदा गेलो होतो आणि तीनही वेळा त्याला संघटनेचं महत्त्व समजावून आलो होतो. चौथ्यांदा गेलो ते बोरीच्या बाजारातून वांगी आणि तुरीची डाळ घेऊन. त्याच्या मायनं स्वयंपाक केला, सगळे जेवलो, अंगणात झोपलो. सकाळी तो म्हणाला, "चला, बाबांच्या वावरात जाऊ."

बाबांकडं गेलो. दुसरा पुरावा उभा करायला बसलो. बांधावरचं आंब्याचं झाड त्यांनी कोणत्या साली लावलं, विहिरीचा खड्डा कधी खोदला, शेजारी कोण वाहत होतं, बायको वारली तेव्हा तिला कुठं पुरलं. तीन जुन्या शेजाऱ्यांचे जबाब अंगठ्यासह लिहून घेतले. निघताना बाबांनी भाकर आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. ज्याचं नुकसान आम्ही केलं, त्यानंच आम्हाला शिदोरी दिली. अर्ज दाखल केला आहे. निकाल अजून आलेला नाही. काय होईल ते आज सांगता येत नाही. पण आता आम्ही सोडणार नाही, हे सांगता येतं. हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

आता मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न. सेवा करायची तर मोर्चा कशाला?

आपल्या यवतमाळनं सेवेची शिकवण जवळून पाहिली आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ ला पुण्याला गेली. तीस वर्षं देशभरातली पोरं पाळक व्हायला यवतमाळात येत होती. उमरीच्या मिशन दवाखान्यात आपल्यापैकी कित्येकांच्या घरची बाळंतपणं झाली असतील. ही सेवा खरी आहे. तिला आम्ही कमी लेखत नाही. आमच्यातला एक जण पाळक व्हायचं स्वप्न अजूनही बाळगून आहे, आणि आम्ही त्याला नको म्हणत नाही.

पण वडीलधाऱ्यांना आम्ही एवढंच विचारतो की एलीयाची गोष्ट भाकरीपाशी संपते का? दोनच अध्याय पुढं जा. तिथं नाबोथ भेटतो. राजाच्या वाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. राजाला तो भाजीपाल्यासाठी हवा होता. राजा म्हणाला, याहून चांगला मळा देतो, नाही तर रोख पैसे घे. आजकाल आपल्याला म्हणतात ना, पर्यायी जमीन घ्या, मोबदला घ्या, तसंच. नाबोथ म्हणाला, बापजाद्यांची जमीन मी देणार नाही. राणीनं राजाच्या नावानं, राजाच्या शिक्क्यानं पत्रं धाडली. दोन खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथाला दगडांनी मारलं. राजा कब्जा घ्यायला गेला. आणि मळ्यात त्याच्यासमोर कोण उभं राहिलं? तोच एलीया, जो झुडपाखाली मरण मागत होता. देवानं त्याला भाकर दिली, झोप दिली, सोबती दिले, ते कशासाठी? पुढं त्यानं ज्याची जमीन लुटली त्याच्या बाजूनं राजाला विचारावं म्हणून.

शिक्का, पत्र, खोटी साक्ष, कब्जा. हे सगळं आपल्या तहसीलात आजही आहे. मग यावर बोलणं धर्माच्या बाहेरचं कसं?

हे नुसतं शास्त्रात नाही, इतिहासातही घडलं आहे. छोटानागपूरचं उदाहरण सांगतो, जिथं मुंडा आणि उरांव लोक राहतात. १८८५ साली कॉन्स्टंट लिव्हन्स नावाचा बेल्जियमचा जेसुइट पाद्री तिथं तोरप्याला गेला. त्याला कळलं की लोकांचं दुखणं जमिनीचं आहे. जमीनदार आणि ठेकेदार जास्तीचा सारा घेत, वर फुकट राबवून घेत, त्याला तिकडं बेठबेगारी म्हणत. लिव्हन्सनं जमिनीचा कायदा आणि मुंडांचा रिवाज शिकून घेतला. लोकांना कोर्टकचेरीत सल्ला दिला. कायद्यानं जेवढा सारा होतो तेवढा भरा आणि पावती मागा, हे त्याचं सांगणं. बघा, त्या काळी त्याचीही लढाई पावतीचीच होती. तो क्षयानं आजारी पडला आणि १८९३ साली ३७ व्या वर्षी वारला.

त्याच्या मागून हॉफमन नावाचा जर्मन जेसुइट आला. त्यानं मुंडारी भाषेचं आणि मुंडांच्या जमीन-रिवाजाचं ज्ञान लिहून काढलं. १९०८ चा छोटानागपूर काश्तकारी कायदा बनवताना त्याच्या या ज्ञानाची मदत झाली. १९०९ साली त्यानं लोकांची पतसंस्था काढली, म्हणजे सावकाराच्या दारी जायला नको. पहिल्या महायुद्धात तो जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला देशाबाहेर काढलं.

पण आम्ही एकच बाजू सांगणार नाही. त्याच मुलखात बिरसा मुंडा झाले. तेही मिशनच्या शाळेत शिकले आणि नंतर मिशनवर नाराज होऊन बाहेर पडले. १८९९-१९०० मध्ये त्यांनी उलगुलान केलं आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात वारले. १९०८ चा कायदा एकट्या पाद्र्याच्या लेखणीनं आला असं कोणी सांगितलं तर मानू नका. उलगुलानाचं रक्त सांडलं नसतं तर सरकारला कायदा सुचला नसता. आणि बरेच लोक तेव्हा खटला जिंकायच्या आशेनं चर्चमध्ये आले, आशा फिटली नाही तसे परत गेले. त्यातून आम्ही एक धडा घेतला आहे. प्रार्थना केली तर जमीन मिळेल, असं आम्ही कोणालाही कधी सांगणार नाही. ते खोटं आहे. देवाच्या नावानं खोटं बोलणं तर जास्तच वाईट.

जवळचं उदाहरण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचं. डहाणू-तलासरी भागात १९७८ साली कष्टकरी संघटना उभी राहिली. ती उभी करणाऱ्यांत जेसुइट संघातून आलेली माणसं होती. त्यातले प्रदीप प्रभू यांच्या नावानं १९८६ साली जंगलजमिनीच्या दाव्यांसाठी सुप्रीम कोर्टात अर्ज गेला आणि ७ मार्च १९९१ रोजी कोर्टाचा आदेश झाला. आज आपण जे अर्ज लिहितो त्यांना त्या लढाईचा आधार आहे. तिथल्या वारली आणि कोकणा लोकांना कोणी धर्म विचारून संघटनेत घेतलं नाही.

म्हणून वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगतो. तुम्ही आजाऱ्यासाठी प्रार्थना करता, आम्ही त्याच आजाऱ्याच्या वावराचा अर्ज लिहितो. दोन्ही सेवाच आहेत. आमचे गोंड भाऊ एकमेकांना भेटले की काय म्हणतात? जय सेवा. चर्चमध्येही शब्द तोच आहे. हा शब्द दोघांचा आहे. त्याच्यावरून भांडण कशाला?

आता पहिला प्रश्न. बाटवायला आलात का?

नाही. आणि नुसतं नाही म्हणून भागत नाही हे आम्हाला कळतं, म्हणून नियम सांगतो. संघटनेच्या बैठकीत, अर्ज लिहिताना, मोर्चात आम्ही धर्माचा प्रचार करणार नाही. कोणी आम्हाला विचारलं, तुम्ही कोणाला मानता, तर लपवणार नाही. नाताळाला बोलावू, पोळ्याला आणि पेनाच्या पूजेला बोलावलं तर येऊ. नारायण वामन टिळक हे ख्रिस्ती कवी होते. त्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसत. शिकल्या-सवरलेल्या माणसाला ते जमलं, तर आपण तर एकाच वाफ्यातलं सरपण वेचणारी माणसं आहोत.

दुसरी एक अफवा फिरते आहे. कोणी सांगतं की चर्चमध्ये जाणाऱ्याचं आदिवासी सर्टिफिकेट जाईल आणि जमिनीचा दावा बाद होईल. दुसऱ्या पोडावर उलटं सांगतात, की ख्रिस्ती झाला तर मिशन जमीन देईल. दोन्ही खोटं. अनुसूचित जमातीचा १९५० चा जो घटनेखालचा आदेश आहे त्यात धर्माची अट नाही. धर्माची अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. आधी फक्त हिंदू, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात घेतले. आपल्या जमातीला ती अट लागत नाही. कोलाम हा कोलामच राहतो, मग तो पेनापुढं नारळ फोडो, चर्चमध्ये बसो, नाही तर दोन्हीकडं न जावो. जमिनीचा दावा वहितीवर ठरतो. वावर कोण वाहतं, कधीपासून वाहतं, एवढंच विचारायचं. कोणी चौकशीला येऊन धर्म विचारला तर त्याला सांगा, हे अर्जाच्या फारमात कुठं आहे ते दाखव.

ही अफवा कोणाच्या कामाची आहे याचा विचार करा. एका पोडावर दोन घरं ख्रिस्ती आणि आठ घरं पेनाची असतील, आणि ती एकमेकांच्या विरोधात बसली, तर जबाब द्यायला साक्षीदार राहणार नाही. बाबांच्या अर्जात ज्या तिघांनी अंगठे दिले त्यात एक ख्रिस्ती होते, दोन नव्हते. तिघं बोलत नसते तर अर्ज झालाच नसता.

आता कामाचं. आमच्या चुकीतून आणि या गोष्टींतून आम्ही पाच नियम केले आहेत. इतर गटांनीही पाळावे अशी विनंती आहे.

१. अस्सल पावती कोणाच्याही घरून हलवायची नाही. ती घरमालकाकडंच राहील. कार्यकर्ता तिथंच बसून हातानं नक्कल लिहील, पावतीचा नंबर, तारीख, रक्कम, सही कोणाची, सगळं. नकलेखाली दोन साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे. झेरॉक्ससाठी न्यायचीच असेल तर घरचा माणूस सोबत येईल आणि पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याच हातात राहील.

२. फिरायला दोघं जायचं. येशूनंही आपले शिष्य जोडीजोडीनं पाठवले होते. एकटा माणूस घाबरतो, चुकतो आणि लवकर खचतो. पोरी जाणार असतील तर दोघीही जाऊ शकतात, पण मुक्काम कोणाच्या घरी ते आधी ठरवायचं.

३. पोडावर गेलो की आधी जेवलो का, कोण आजारी आहे, कोणाचं लेकरू शाळेतून घरी बसलं आहे ते विचारायचं. अर्ज नंतर.

४. जो कार्यकर्ता दोन बैठकींना आला नाही त्याच्या घरी जायचं. त्याला जाब विचारायचा नाही. सोबत जेवायचं. तो परत आला तर बरं, नाही आला तरी तो आपलाच आहे.

५. हरलेल्या अर्जाचीही नोंद ठेवायची. कोणाचा अर्ज का फेटाळला, कोणत्या तारखेला, ते वहीत लिहायचं. केंद्र सरकारची १८ सप्टेंबर १९९० ची परिपत्रकं निघाली होती. २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीच्या जंगलजमिनीच्या वादांचा तपास करायचं त्यात सांगितलं होतं. आज फेटाळलेला अर्ज उद्या उघडू शकतो, पण वहीत असेल तरच.

शेवटी एक सांगतो. लोक आम्हाला म्हणतात, तुम्हाला यातून काय मिळतं? पगार नाही, नोकरी नाही, उलट नाकेदार नाव लिहून घेतो. खरं सांगायचं तर आधी आम्हालाही उत्तर माहीत नव्हतं. बारावी झाली, पोलीस भरतीत उंची कमी पडली, कोणाला डी.एड.ला पैसे नव्हते. रिकामे होतो म्हणून आलो. पण आता रिकामं वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या ज्वारीच्या कणगीत हात घालून त्याचा कागद शोधणं, त्याच्या बायकोची माती कुठं आहे ते लिहून घेणं, हे काम आम्हाला कोणीतरी दिलं आहे असं वाटतं. आमच्यातले तिघं म्हणतात देवानं दिलं. दोघं म्हणतात पोडानं दिलं. आम्ही यावर भांडत नाही. पाचही जण रोज सकाळी निघतो.

नाबोथाचा मळा नाबोथाला परत मिळाला नाही, तो तर मेला होता. पण त्याची गोष्ट लिहून ठेवली म्हणून इतक्या शतकांनी बोरीत आपण ती ऐकतो आहोत. आपण जिवंत आहोत. आपल्या गोष्टी जिवंतपणीच लिहू.

ज्यांच्याकडं १९७८ च्या आधीची पावती, पेरेपत्रक, नोटीस, कोर्टाचा कागद, काहीही असेल, त्यांनी कागद घरीच ठेवावा आणि पुढच्या बैठकीत फक्त सांगावं. आम्ही दोघं-दोघं येऊ. ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांनीही सांगावं. त्यांच्या वावरातलं झाड, विहीर आणि म्हातारी माणसं आम्ही लिहून घेऊ. म्हातारी माणसं आधी, कारण झाड थांबतं, माणूस थांबत नाही.

जय सेवा. सलाम. जोहार.